एडवर्ड : एका नावाची वाटचाल

एडवर्ड हे नाव प्राचीन इंग्रजीतील ‘एआड’ आणि ‘वेआर्ड’ या दोन शब्दांपासून बनले. पहिल्याचा अर्थ संपत्ती किंवा सौभाग्य, दुसऱ्याचा रक्षक. मात्र ‘वैभवरक्षक’ असा अर्थ मनाशी धरूनच आईबाप हे नाव ठेवीत असत, असे समजण्याचे कारण नाही. अँग्लो-सॅक्सन घराण्यांत नावाचे एक पद कायम ठेवून दुसरे बदलण्याची चाल होती. आल्फ्रेड राजाचा पुत्र एडवर्ड. त्याच्या पुत्रांत एडमंड व एड्रेड आढळतात. नावावरून नाते कळत असे.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि शे-सव्वाशे वर्षांत ही जुनी नावे मागे पडली. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड ही जेत्यांची नावे साध्या शेतकऱ्यांच्या घरांतही शिरली. जितांच्या बाबतीत असे पुष्कळदा घडते. एडवर्ड मात्र टिकले, आणि ते जेत्यांमुळेच. १०६६ च्या जानेवारीत मृत्यू पावलेल्या धर्मनिष्ठ एडवर्ड राजाची आई नॉर्मन होती आणि विजेता विल्यम स्वतःला त्याचाच वारस म्हणवीत असे. ११६१ मध्ये पोपने या राजाला संतपद दिले.

तिसरा हेन्री या संताचा निस्सीम भक्त. वेस्टमिन्स्टरचे मंदिर त्याने संताच्या गौरवार्थ नव्याने बांधावयास घेतले आणि १२३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या थोरल्या पुत्राचे नाव एडवर्ड ठेवले. दरबाराची भाषा फ्रेंच, नाव मात्र अस्सल इंग्रजी! १२७२ ते १३७७ अशी एकशे पाच वर्षे ओळीने तीन एडवर्ड गादीवर होते. राजांचे क्रमांक नॉर्मन विजयापासून मोजले गेल्याने, त्यापूर्वी तीन एडवर्ड होऊन गेले असतानाही हेन्रीचा पुत्र ‘पहिला’ ठरला.

तिसऱ्या एडवर्डची नात फिलिपा पोर्तुगालची राणी झाली. तिच्या पुत्राचे नाव दुआर्ते. तो १४३३ मध्ये राजा झाला. एडवर्डचेच हे पोर्तुगीज रूप. १५२२ ते १५२४ या काळातील पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर दुआर्ते द मेनेझिस याच्या नावाने ते आपल्या किनाऱ्यावरही आले.

घरगुती ‘नेड’चा उगम मोठा गमतीचा आहे. ‘माझा एड’ या अर्थी जुन्या इंग्रजीत ‘माइन एड’ म्हणत. त्यातील ‘न’कार पुढच्या शब्दाला चिकटला आणि ‘माय नेड’ झाले. मुंबईत हे नाव निराळ्या रीतीने आखडले : सातव्या एडवर्डच्या स्मरणार्थ १९२६ मध्ये परळला सुरू झालेले रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘के. ई. एम.’ झाले, आणि राजा मधल्या ‘ई’मध्ये लपला.