बसणारा कुत्रा, भुंकणारा कुत्रा : श्वान प्रशिक्षणातून शिक्षकाने काय शिकावे?



आजचा लेख जरा वेगळ्या विषयावर आहे. कुत्र्यांचे प्रशिक्षण आणि त्यांच्या स्पर्धा. तुम्ही म्हणाल, बाईंना आता हे काय सुचलं? सांगते.

परिसर अभ्यासाच्या तासाला 'प्राणी आपले मित्र' असा विषय चालला होता. एका मुलीने विचारलं, "बाई, पोलिसांच्या कुत्र्याला बॉम्ब सापडला की तो भुंकतो का?" मी पटकन म्हटलं, "हो, जोरजोरात भुंकतो." तेवढ्यात तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "नाही बाई. तो बसतो." हा मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. तोंडी परीक्षेत त्याला नेहमी कमी गुण पडतात. मी "बरं, नंतर बघू" म्हणून पुढे गेले.

घरी येऊन शोधलं, तर तो बरोबर होता आणि मी चूक! जानेवारीत पोलीस रेझिंग डे सप्ताहात आम्ही मुलांना श्वानपथकाचं प्रात्यक्षिक दाखवायला नेलं होतं. मीही तिथेच होते, पण माझं सगळं लक्ष रांग मोडू नये आणि मुलं मोजून परत न्यावीत याकडे. त्याने मात्र नीट पाहिलं होतं. त्या दिवसापासून मी या विषयावर वाचत गेले. त्यातलं जे आपल्या कामाचं वाटलं ते इथे मांडते.

१. नाक एकच, उत्तरे दोन

झंजीरचं नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला हा लॅब्रॅडॉर. त्याचं प्रशिक्षण पुण्यात झालं. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने मुंबई-ठाण्याच्या परिसरात स्फोटकांचे मोठे साठे शोधून दिले. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब ही त्याच्या नावावरची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला, तेव्हा त्याला पोलीस इतमामात निरोप देण्यात आला.

स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला वास सापडला की शांत बसायला शिकवतात. कारण सोपं आहे. त्याने तिथे उड्या मारल्या, पंजाने उकरलं, तर स्फोट होऊ शकतो. म्हणून तो बसतो आणि आपल्या हस्तकाकडे बघतो. कुत्रा हाताळणाऱ्या पोलिसाला हस्तक म्हणतात. बसणं हेच त्याचं उत्तर.

आता दुसरं उदाहरण पाहू. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला. आपलं राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, तिकडे मदतीला गेलं. त्यांच्यासोबत ज्युली आणि रोमिओ हे दोन लॅब्रॅडॉर होते. ढिगाऱ्यापाशी ज्युली भुंकली. खात्री करण्यासाठी रोमिओला पाठवलं, तोही भुंकला. त्या ढिगाऱ्याखालून सहा वर्षांची एक मुलगी जिवंत बाहेर काढली गेली.

इथे ज्युली गप्प बसली असती तर? ढिगाऱ्यात कुत्रा कधी कधी हस्तकाच्या नजरेआड जातो, तेव्हा त्याने ओरडून सांगितलंच पाहिजे. म्हणजे बघा, जात तीच, नाक तेच. पण एकाचं बरोबर उत्तर म्हणजे बसणं आणि दुसऱ्याचं म्हणजे भुंकणं. एकाचे गुण दुसऱ्याच्या परीक्षेत चूक ठरतील.

आपल्या पनवेलपासून इर्शाळवाडी दूर नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिथे दरड कोसळली. वर रस्ता नसल्याने मोठी यंत्रं नेता आली नाहीत, हातांनीच माती उपसावी लागली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. अशा ठिकाणी माती, पाऊस आणि चिखल यांतून वास काढणं कुत्र्यालाही किती कठीण जात असेल! प्रशिक्षण चांगलं असलं तरी प्रत्येक वेळी यश येतंच असं नाही, हेही मुलांना सांगायला हवं.

२. शिकवण्याची रीत

आमच्या सोसायटीतलं एक गावठी पिल्लू दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी आलं. त्याला 'बस' शिकवताना मी ज्या चुका केल्या, त्यांची यादी केली तर ती वर्गातल्या चुकांसारखीच निघते.

- एक शब्द नाही. मी म्हणायचे "बस", मुलगी म्हणायची "सिट", सासूबाई म्हणायच्या "खाली बस रे बाबा". बिचाऱ्याने काय समजायचं? प्रशिक्षक एका कृतीसाठी एकच शब्द ठरवतात.
- शाबासकीला उशीर. तो बसला की मी बिस्किट आणायला स्वयंपाकघरात जायचे. येईपर्यंत तो उठलेला असायचा आणि बिस्किट मिळायचं उठण्याबद्दल! बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळालं तरच ते कशाबद्दल आहे हे कुत्र्याला कळतं. म्हणून प्रशिक्षक 'टिक' आवाज करणारं छोटं क्लिकर वापरतात. आवाज म्हणजे 'हेच बरोबर', खाऊ मागून आला तरी चालतो.
- मोठी उडी. एकदम पाच मिनिटं बसून राहायची अपेक्षा मी केली. खरं तर आधी दोन सेकंद, मग पाच, मग दहा असं जायला हवं होतं.
- जागा बदलली की विसरला. घरात छान बसणारा कुत्रा वडाळे तलावावर फिरायला नेला की ऐकेचना. मला वाटलं, मुद्दाम करतोय. पण तो मुद्दाम करत नव्हता. घरात शिकलेलं बाहेरही लागू होतं, हे त्याला वेगळं शिकवावं लागतं.

शेवटचा मुद्दा वाचताना मला आमचे पाढे आठवले. वर्गात सातचा पाढा घडाघडा म्हणणारं मूल बाजारात "सात रुपयांची चार पेनं, किती झाले?" विचारलं की अडतं. आपण म्हणतो, "पाठ आहे ना तुला? मग?" पाठ आहे, पण तिथे नेऊन शिकवलेलं नाही.

३. स्पर्धा अनेक, उद्दिष्टे वेगवेगळी

कुत्र्यांच्या स्पर्धा म्हटलं की आपल्याला एकच चित्र दिसतं. पण त्यांचे प्रकार पुष्कळ आहेत आणि प्रत्येकात 'चांगला कुत्रा' या शब्दाचा अर्थ बदलतो.

अ) डॉग शो : यात जातीच्या ठरलेल्या लक्षणांनुसार बांधा, दात, चाल बघतात. कुत्र्याने स्थिर उभं राहायचं आणि अनोळखी परीक्षकाला हात लावू द्यायचा. काही जण शोच्या कुत्र्याला सुरुवातीला 'बस' शिकवतच नाहीत, कारण रिंगणात तो बसला तर पंचाईत!

आ) आज्ञापालन : हस्तकाच्या डाव्या पायाशी नीट चालणं, बोलावल्यावर सरळ येणं, सांगितल्या जागी थांबणं. इथे अचूकपणाला गुण.

इ) अडथळ्यांची शर्यत : हिला अॅजिलिटी म्हणतात. १९७८ मध्ये इंग्लंडच्या क्रफ्ट्स या प्रसिद्ध डॉग शोमध्ये दोन कार्यक्रमांमधल्या वेळेत लोकांची करमणूक म्हणून ती पहिल्यांदा दाखवली गेली. उड्या, बोगदा, सीसॉ, ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी धाव. हस्तक सोबत पळतो, पण कुत्र्याला हात लावू शकत नाही. इथे वेग हवा आणि चुका कमी हव्यात.

ई) शुट्झहुंड : जर्मन शेफर्ड कामाला योग्य आहे का, हे पाहण्यासाठी जर्मनीत ही चाचणी सुरू झाली. आता तिला आयजीपी म्हणतात. माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन विभाग, प्रत्येकी १०० गुण. प्रत्येक विभागात उत्तीर्ण व्हावंच लागतं. एकात पैकीच्या पैकी मिळाले तरी दुसऱ्यातली नापासी त्याने भरून निघत नाही.

उ) पोलीस कर्तव्य मेळावा : आपल्याकडे राज्य आणि देश पातळीवर हा भरतो. त्यात गुन्ह्याचा माग काढणारे, स्फोटकं शोधणारे, अमली पदार्थ शोधणारे कुत्रे यांच्या वेगवेगळ्या स्पर्धा असतात.

यातला मला सगळ्यात आवडलेला फरक माग काढण्याचा. आयजीपीत कुत्र्याने नाक जमिनीला लावून, पावलामागून पाऊल, शांतपणे माग काढायचा असतो. वाट सोडली की गुण कापले जातात. पण हरवलेल्या माणसाला शोधणाऱ्या कुत्र्याला वाऱ्यावर वास मिळाला आणि तो मधून आडवा धावत सुटला, तर कोणी गुण कापत नाही. माणूस सापडणं महत्त्वाचं. म्हणजे एका ठिकाणी 'पद्धत' तपासतात, दुसऱ्या ठिकाणी 'उत्तर'. गणिताच्या पेपरात पायऱ्यांचे गुण की उत्तराचे, हा आपला जुना वाद नाही का?

वाद तिथेही आहे. स्पर्धेत चषक मिळवणारा कुत्रा प्रत्यक्ष कामात चांगला असेलच का? दिसण्यासाठीच पैदास केली तर कामाचे गुण मागे पडतात, असं काम करणारी मंडळी म्हणतात. स्पर्धा खेळणारे म्हणतात, निकष असल्याशिवाय प्रशिक्षण कसं झालं ते कळणार कसं? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आपण कशासाठी शिकवतोय हे आधी ठरवलं, तर मग कोणती परीक्षा लावायची ते कळतं.

४. आपल्या मातीतला कुत्रा

लातूर भागातला कारवानी किंवा पूर्वीच्या मुधोळ संस्थानातला मुधोळ हाउंड घ्या. लांब पाय, अरुंद डोकं, तीक्ष्ण नजर. पिढ्यान् पिढ्या हे कुत्रे नजरेने सावज हेरून पळण्यासाठी वाढवले गेले. आता वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे सशाची शिकारही गुन्हा आहे, म्हणून त्यांच्याकडे राखणीचं काम आलं. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने चार भारतीय जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळही होता. मुधोळ हाउंडला लॅब्रॅडॉरसारखं प्रत्येक आज्ञेला शेपूट हलवत बघ म्हटलं, तर तो 'मठ्ठ' ठरेल. मोकळ्या माळावर सोडा, मग बघा!

५. माझ्या भुवया

२०११ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १८ हस्तक आणि त्यांचे शोधक कुत्रे होते. खोल्यांमध्ये स्फोटकं किंवा अमली पदार्थ काहीच लपवलेलं नव्हतं. पण हस्तकांना सांगितलं होतं की काही ठिकाणी आहे. तरीही बहुतेक वेळा 'सापडलं' अशी नोंद झाली! हस्तकाला जे वाटत होतं, त्याचा परिणाम निकालावर होत होता.

हे वाचलं आणि मी वर्गात स्वतःकडे लक्ष देऊ लागले. फळ्याजवळ उभी असलेली मुलगी "आठ... नऊ..." म्हणत माझ्या चेहऱ्याकडे बघते. माझ्या भुवया वर गेल्या की "दहा!" म्हणते. मी म्हणते, "शाब्बास!" गणित तिने सोडवलं की माझ्या भुवयांनी?

६. आज्ञा न पाळणारा हुशार कुत्रा

अंध व्यक्तीला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला एक अवघड गोष्ट शिकवतात. मालकाने "पुढे चल" म्हटलं आणि समोरून गाडी येत असेल, तर आज्ञा पाळायची नाही. जागेवर उभं राहायचं. म्हणजे उत्तम प्रशिक्षणाचं टोक आज्ञापालन नाही, तर समज आहे.

आणि इथेच मला माझा तो विद्यार्थी आठवला. बाईंनी वर्गासमोर सांगितलेलं उत्तर चूक आहे, असं त्याने म्हटलं होतं. हळू आवाजात, पण म्हटलं होतं.

७. एक गैरसमज नको

कोणी म्हणेल, मुलांची तुलना कुत्र्याशी करता? नाही. मूल प्रश्न विचारतं, "का शिकू?" म्हणतं, उद्या मला काय व्हायचंय ते स्वतः ठरवतं. कुत्र्याचं उद्दिष्ट माणूस ठरवतो. मुलाचं उद्दिष्ट आपण परस्पर ठरवणं बरोबर नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. चांगले श्वान प्रशिक्षकही आज मारापेक्षा बक्षिसावर भर देतात. तुलना करायचीच तर ती शिकवणाऱ्यांची करू. कुत्रा चुकला की चांगला प्रशिक्षक आधी विचारतो, "माझं सांगणं कुठे चुकलं?"

वर्गात करून पाहा

१. जोडीने खेळ : एकाने डोळे बांधायचे, दुसऱ्याने फक्त टाळी वाजवून त्याला वस्तूपर्यंत न्यायचं. टाळीला उशीर झाला की काय होतं, यावर चर्चा करा.
२. उत्तर देण्याचे तीन मार्ग ठेवा : बोलून, पाटीवर लिहून, चित्र काढून. कोण कशात खुलतं याची महिनाभर नोंद ठेवा.
३. मूल उत्तर देताना आपण वहीत बघा, त्याच्या तोंडाकडे नको. मग विचारा, "कसं काढलंस?"
४. महिन्यातून एकदा फळ्यावर मुद्दाम चूक लिहा. चूक दाखवणाऱ्याला शाबासकी द्या.

पालकांसाठी दोन शब्द

शिष्यवृत्ती परीक्षेचे गुण लागले की शेजारच्या मुलाशी तुलना सुरू होते. ती परीक्षा चांगली आहे, मुलांना जरूर बसवा. पण ती एका प्रकारची स्पर्धा आहे, सगळ्या प्रकारची नाही. आणि घरात आई, बाबा, आजी यांनी एकाच गोष्टीबद्दल तीन वेगळ्या आज्ञा देऊ नयेत. आमच्या कुत्र्याची शपथ!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "काल माझं उत्तर चुकलं. बॉम्ब शोधणारा कुत्रा बसतो. हे आपल्यातल्या एकाने नीट पाहिलं होतं." सगळे त्याच्याकडे वळले. त्याने मान खाली घातली, पण हसला. मग मी विचारलं, "बसतो का, भुंकत का नाही, सांगशील?" तो उभा राहिला नाही. बाकावर बसूनच, हळू आवाजात त्याने सगळं सांगितलं. आम्ही कान देऊन ऐकलं. यावेळी तोंडी परीक्षा मी त्याच्या बाकाजवळ बसून घेणार आहे.

तुमच्या वर्गात असा 'बसून उत्तर देणारा' कोण आहे? अनुभव जरूर कळवा.