आधी रिकामं ॲप चालव

ओपनसीव्ही अँड्रॉइड ॲपमध्ये घालायचीय ना? मग बाळा, पहिल्या दिवशी चेहरे, कडा, कागदाचे कोपरे यातलं काहीही शोधायला जाऊ नकोस. रिकामं ॲप घे, त्यात लायब्ररी घाल, ती लोड झाली एवढी एकच ओळ लॉगमध्ये छापून बघ. आणि हे खऱ्या फोनवर कर. इंटेलच्या लॅपटॉपवरचा इम्युलेटर एक्स८६चा असतो, लोकांच्या खिशातले फोन आर्मचे. इम्युलेटरवर गुण्यागोविंदाने चाललेलं ॲप फोनवर उघडताक्षणी पडतं, ते बहुधा यामुळेच.

झिप उतरवून एसडीके मॉड्यूल म्हणून जोडायची रीत जुन्या व्हिडिओंत अजून दिसते. तिच्या नादी लागू नकोस. ४.९.० पासून ओपनसीव्ही मेव्हन सेंट्रलवर आहे, ग्रेडलमध्ये एक ओळ पुरते. आवृत्तीचा आकडा मात्र पूर्ण लिही, अधिकचं चिन्ह लावून मोकळा सोडू नकोस. एखाद्या धड्यात ‘ओपनसीव्ही मॅनेजर’ नावाचं वेगळं ॲप टाकायला सांगितलं असेल, तर तो धडा तिथेच मिट. तो जमाना गेला.

‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’ आला की कोड चाळत बसायचं नाही. अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके ॲनालायझरमध्ये एपीके उघड, ‘लिब’ फोल्डरात आर्म६४चा कप्पा आहे का आणि त्यात ओपनसीव्हीची ‘एसओ’ फाइल आहे का, ते डोळ्यांनी बघ. प्लेस्टोअर २०१९च्या ऑगस्टपासून ६४ बिटचा आग्रह धरतं, त्यामुळे हा कप्पा चुकवून चालत नाही. त्या एसओ फाइली सोळा केबीच्या मेमरी-पानांवर चालतील अशा आहेत का, तेही तिथेच पाहून घे. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचं लक्ष्य ठेवणाऱ्या ॲपना १ नोव्हेंबर २०२५ पासून ते बंधनकारक झालंय. आणि दोन लायब्रऱ्यांनी सी प्लस प्लसची तीच ‘शेअर्ड’ फाइल आणली म्हणून बिल्ड अडलं, तर ‘पिकफर्स्ट’ लिहून तोंड बंद करता येतं खरं, पण उचलली कुठली गेली ते तपास. नव्या एनडीकेची हवी.

आता कॅमेरा. इथे घाई करू नकोस, कारण खरा घोळ इथेच होतो. कॅमेराएक्स फ्रेम देतो ती वायूव्हीत, आणि तिचा वाय थर म्हणजे आयतं करडं चित्र. कडा किंवा कोपरे शोधायला तेवढंच लागतं. बिटमॅप करून पुन्हा करडं करायचा द्राविडी प्राणायाम कशाला? त्या थराच्या बफरवरच ‘मॅट’, म्हणजे ओपनसीव्हीची चित्र धरणारी मॅट्रिक्स, उभी कर. पण ओळीची रुंदी ६४० पिक्सेल असली, तरी मेमरीत तीच ओळ ७०४ बाइटांची असू शकते, शेवटचे ६४ नुसते भरणीचे. ते लक्षात घेतलं नाहीस तर प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकते आणि चित्र तिरकं, फाटल्यासारखं दिसतं. असं चित्र दिसलं की अल्गोरिदमला हात लावू नकोस. मॅट करताना ‘स्टेप’ म्हणून ‘रो स्ट्राइड’ दे, चित्र सरळ होतं.

अशी मॅट मेमरी उसनी घेते, स्वतःची प्रत करत नाही. म्हणून आधी काम उरक, मग इमेज बंद कर. बंद करायचीच विसरलीस तर पुढची फ्रेम येतच नाही, आणि पडदा गोठला म्हणून भलतीकडेच शोधत बसशील.

मेमरीचा हिशेब तर पाठच करून ठेव. १९२० बाय १०८० ची चार चॅनेलची एक मॅट म्हणजे ८३ लाख बाइट. सेकंदाला तीस फ्रेम आल्या आणि दर वेळी नवी मॅट केलीस, तर सेकंदाला जवळपास २५ कोटी बाइट. जावाच्या कचरावाल्याला यातलं काही दिसत नाही. त्याच्या लेखी ती चिमुकली वस्तू, सगळं वजन पलीकडे नेटिव्ह बाजूला. लागणाऱ्या मॅट सुरुवातीला एकदाच कर, त्याच वापरत राहा, स्क्रीन बंद होताना ‘रिलीज’ कर.

रंगांचं थोडक्यात: फाइलमधून वाचलेली मॅट निळा-हिरवा-लाल अशा क्रमाने येते, बिटमॅपवरून केलेली लाल-हिरवा-निळा-अल्फा. माणसं निळी दिसली की हेच.

आणि रिलीजच्या प्रत्येक बिल्डबरोबर न छाटलेल्या एसओ फाइली जपून ठेव, त्यांची चिन्हं प्ले कन्सोलवरही चढव. नेटिव्ह बाजूला ॲप पडलं की हातात नुसते पत्ते येतात. या फाइली असल्या, तर एनडीके-स्टॅक त्यांतून नेमकी ओळ काढून देतो.