ऑटोराउटर अडतो तेव्हा

सर्किट बोर्डावरील घटकांचे पाय जोडणारे तांब्याचे मार्ग, म्हणजे ट्रॅक, संगणकाकडून आपोआप आखून घेण्याच्या सोयीला ऑटोराउटर म्हणतात. आणि ती वापरणाऱ्या बहुतेकांचा अनुभव असा, की काम झपाट्याने पुढे सरकते आणि शेवटच्या मोजक्या जोडण्यांपाशी अडून बसते. अशा वेळी दोष सॉफ्टवेअरचा मानून तोच आदेश पुन्हा पुन्हा दिला जातो. वास्तविक अडचण बहुधा आधी ठरवून दिलेल्या नियमांत किंवा घटकांच्या मांडणीत असते.

सी. वाय. ली यांनी १९६१ साली मांडलेली पद्धत समजून घेतली, की हे स्पष्ट होते. तीत बोर्डाची बारीक चौकटींच्या जाळीत विभागणी करून, पाण्यात दगड टाकल्यावर तरंग पसरावा तसा शोध आरंभीच्या पॅडपासून, म्हणजे घटकाचा पाय ज्या तांब्याच्या तुकड्यावर डाखतात त्यापासून, सर्व दिशांना पसरवला जातो. जाळीवर वाट शिल्लक असेल तर ती सापडतेच, आणि सर्वांत आखूड सापडते. म्हणूनच अशा ऑटोराउटरला वाट मिळत नसेल, तर दिलेल्या जाळीवर, दिलेल्या नियमांत आणि आधी आखलेल्या ट्रॅकच्या गर्दीत ती उरलेलीच नाही, असा अर्थ घ्यावा.

जाळीचा घोटाळा सहज नजरेत येत नाही. आयसीच्या दोन लगतच्या पायांतील अंतर ०.६५ मिमी आणि जाळी ०.६३५ मिमी (२५ मिल) असेल, तर पहिला पाय जाळीवर नेमका बसतो, पण पुढे प्रत्येक पायागणिक ०.०१५ मिमी तफावत साचत जाऊन दहाव्या पायापाशी ती ०.१३५ मिमी होते. जाळी बारीक करणे हा उपाय खरा. मात्र ती निम्मी केली की प्रत्येक थरावरील चौकटी चौपट होतात, हे ध्यानात ठेवावे. फ्रीराउटिंगसारख्या जाळीविरहित ऑटोराउटरमध्ये हा प्रश्न येत नाही.

क्लिअरन्स, म्हणजे दोन तांब्यांमधील किमान मोकळी जागा, हे अडण्याचे त्याहून मोठे कारण आहे. पायांतील अंतर ०.५ मिमी आणि पॅडची रुंदी ०.३ मिमी असलेल्या आयसीत दोन पॅडांमध्ये ०.२ मिमीच जागा उरते. तेथे नियम ०.२५४ मिमीचा असेल तर एकही ट्रॅक आखण्यापूर्वीच तो मोडलेला असतो. वीजपुरवठ्याच्या ट्रॅकला ०.५ मिमी रुंदी दिली, तर तो त्या पॅडमधून सरळ बाहेर पडताना शेजारच्या पॅडपासून ०.१ मिमीवर येतो, आणि ऑटोराउटर त्याला बाहेर पडू देत नाही. अशा पायाजवळ आखूड अरुंद ट्रॅक हाताने काढून मग रुंदी वाढवावी. बोर्ड आखण्याच्या कायकॅड या सॉफ्टवेअरमधून फ्रीराउटिंगकडे जाताना स्पेक्ट्रा डीएसएन फाइल बनते आणि नियम त्या फाइलबरोबरच जातात. त्यामुळे कायकॅडमध्ये नियम बदलल्यावर फाइल नव्याने काढली नाही, तर जुनेच नियम चालू राहतात. बोर्डाची बाह्यरेषा एखाद्या कोपऱ्यात जुळलेली नसेल, तर फाइल काढतानाच अडथळा येतो.

नियम बरोबर असूनही काम अडत असेल, तर मांडणीकडे वळावे. न आखलेल्या जोडण्या दाखवणाऱ्या बारीक रेषा, म्हणजे एअरवायर, जेथे एकमेकींना दाट छेदतात, तेथे एखादा घटक फिरवल्याने जे साधते ते ऑटोराउटर रात्रभर चालवूनही साधत नाही.

सर्व जोडण्या पूर्ण होणे म्हणजे बोर्ड चांगला होणे नव्हे. आयसीच्या पुरवठ्यातील चढउतार शमवणारा कॅपॅसिटर पायालगत हवा, क्रिस्टलचे ट्रॅक आखूड हवेत आणि यूएसबीच्या दोन्ही तारा जोडीने व सम लांबीच्या हव्यात, हे सांगितल्याशिवाय ऑटोराउटरला कळत नाही. त्याच्या लेखी ग्राउंड हीसुद्धा इतरांसारखीच एक जोडणी असते. म्हणून हे ट्रॅक आधी हाताने आखून लॉक करावेत, ग्राउंडसाठी सलग तांब्याचा थर राखावा आणि उरलेल्या संथ संकेतांचेच काम ऑटोराउटरकडे द्यावे. शेवटी डीआरसी, म्हणजे नियमांची आपोआप होणारी तपासणी, एकही चूक दाखवत नसली, तरी ग्राउंडचा थर एकटा पडद्यावर आणून तो कोठे चिरला गेला आहे का हे डोळ्यांनी पाहावे, आणि मगच बोर्ड बनवण्यासाठी लागणाऱ्या गर्बर फायली कारखान्याकडे पाठवाव्यात.