चेंडू मिळेल, मैदानही मिळेल, माणसे हवीत



"सर, आपल्याकडे फुटबॉल कधी सुरू करणार?" हा प्रश्न मुले आम्हाला नेहमी विचारतात. पालकसभेत विषय निघाला की मैदान कुठे आहे, बूट कोण घेणार, प्रशिक्षक कुठून आणणार, अशा शंका पुढे येतात आणि विषय तिथेच राहतो. म्हणून या पाठात आपण आधी एक घडलेले उदाहरण पाहू आणि मग आपल्या कुंभारवाड्याला नेमके काय लागेल, त्याचा हिशेब मांडू.

नागपूरचे उदाहरण

श्री. विजय बारसे हे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. एकदा भर पावसात झोपडपट्टीतली काही मुले फुटक्या बादलीला लाथा मारून खेळत असलेली त्यांना दिसली. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला. पुढे 2001 साली त्यांनी खास झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल स्पर्धा भरवली. तिच्यात 128 संघ उतरले. हेच काम पुढे 'स्लम सॉकर' या नावाने ओळखले जाऊ लागले. या कामातून तयार झालेला अखिलेश पॉल 2010 साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेत भारताचा कर्णधार होता. 2016 साली या संस्थेला 'फिफा'चा विविधता पुरस्कार मिळाला. 2022 साली आलेला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट बारसे सरांच्या कामावरच आधारलेला आहे.

मुलांनो, 2001 ते 2016 ही पंधरा वर्षे आहेत. स्पर्धा थोड्या दिवसांत संपते. ती संपल्यावरही कोणीतरी मैदानावर येत राहिले, म्हणून हे काम टिकले.

मैदान किती मोठे हवे?

आपला भाग डोंगराचा. मोठी सपाट जागा मिळणे कठीण. पण बेघरांच्या विश्वचषकाचे मैदान केवळ 22 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असते. प्रत्येक बाजूला गोलरक्षक धरून चार खेळाडू असतात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात. एवढी जागा भात कापल्यावर मोकळ्या पडणाऱ्या शेतातही निघते. फक्त धसकटे आणि दगड वेचून घ्यावे लागतात. लहान मैदानाचा आणखी एक फायदा म्हणजे चेंडू प्रत्येक मुलाच्या पायाशी वारंवार येतो. मोठ्या मैदानात नवखा मुलगा नुसता पळत राहतो.

चेंडू वयाप्रमाणे घ्यावा. अगदी लहानांना 3 नंबरचा, साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांना 4 नंबरचा आणि त्यापुढे 5 नंबरचा. 5 नंबरच्या चेंडूचे वजन 410 ते 450 ग्रॅम असते. लहान मुलाच्या पायाला ते जड होते. गोलसाठी दोन बाजूंना दोन बांबू पुरले की झाले. वर आडवी दांडी नको, कारण मुले तिला लोंबकळतात आणि गोलखांब अंगावर पडून अपघात होतात.

आमची चूक

इथे आम्हाला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही हा प्रयत्न एकदा करून पाहिला होता. चेंडू आणले, शिट्टी आणली. पहिल्या आठवड्यात मैदान मुलांनी भरून गेले. सराव शाळा सुटल्यावर होता. लांबच्या वस्त्यांतल्या मुलांना अंधार पडायच्या आत जंगलातली वाट संपवायची असते. वाटेत गवा असतो, अस्वल असते. ती मुले सर्वांत आधी यायची थांबली. मग मुली थांबल्या. शेवटी शाळेच्या आसपास राहणारी दहा-बारा मुले उरली आणि चेंडू कपाटात गेले. मुलांना चिकाटी नाही, असे आम्ही तेव्हा म्हणालो. आज वाटते, ती मुले घरी कशी पोचतील याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

आता काय करायचे?

या वेळी आधी माणसांची यादी करू, चेंडू नंतर आणू. शनिवारी शाळा सकाळची असते. शाळा सुटल्यावर मुलांनी डबा खावा, थोडी विश्रांती घ्यावी आणि तासभर खेळावे. म्हणजे उजेडातच सर्वजण घरी पोचतील. आठवड्यातून एकच दिवस, पण तो चुकवायचा नाही.

यासाठी तीन प्रकारचे स्वयंसेवक लागतील. पहिले, मैदानावर थांबणारे. मुलांबरोबर नेहमी किमान दोन मोठी माणसे असावीत, एकटे कोणी नसावे. मुलींच्या वेळी त्यांपैकी एक महिला असावी. दुसरे, हजेरीची वही आणि पाणी सांभाळणारे. खेळाच्या आधी जितकी मुले मोजली, तितकीच शेवटी मोजून घ्यायची. तिसरे, मुलांना वस्तीपर्यंत पोचवणारे. प्रत्येक वाटेला एक माणूस. या माणसाला फुटबॉलचा एकही नियम आला नाही तरी चालेल. तो आला नाही, तर मात्र त्या वाटेवरच्या मुलांचा खेळ बंद.

कापणी-मळणीच्या दिवसांत कोणालाच वेळ नसतो, हे आम्ही जाणतो. म्हणून प्रत्येक कामाला दोन नावे हवीत. एकाला अडचण आली तर दुसऱ्याने जावे.

स्वयंसेवकांनी दोन नियम पाठ करावेत. ढगांचा गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवून पक्क्या इमारतीत जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर यायचे नाही. मुलाच्या डोक्याला जोरात मार लागला, तर त्याला त्या दिवशी पुन्हा खेळवायचे नाही. डॉक्टरांना दाखवायचे. लहान मुलांना डोक्याने चेंडू मारायलाही शिकवू नये.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की चषक आणि गणवेश यांचा खर्च तूर्त बाजूला ठेवावा. प्रथमोपचार पेटी आणि चेंडू एवढे पुरे आहे. पालकांना विनंती अशी की महिन्यातला एक शनिवार द्यावा आणि आपले नाव कार्यालयातल्या वहीत लिहावे. वहीत सर्व वाटांची नावे भरली, त्यानंतरच्या शनिवारी आम्ही मैदान आखायला घेऊ.

स्वाध्याय

1. आपल्या वस्तीतून शाळेत किती मुले-मुली येतात? त्यांची यादी करा.
2. 22 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद मैदानाचे क्षेत्रफळ काढा. एवढी सपाट जागा आपल्या वस्तीजवळ कुठे आहे, ते पावलांनी मोजून पाहा.
3. शनिवारी आपल्या वाटेने मुलांना घरी कोण पोचवू शकेल? घरी विचारा आणि दोन नावे लिहून आणा.