वाळूच्या भट्टीतली नानकटाई



मार्गशीर्षात देवमामलेदारांच्या यात्रेचे दिवस आले, की आमच्या सटाण्यात थंडी चांगलीच जाणवू लागते. सकाळी बरणीतले तूप थिजून घट्ट झालेले असते. अशा दिवसांत स्वयंपाकघरात करण्याजोगा एक प्रयोग आज पाहू या. प्रयोग संपल्यावर तो खाऊन टाकायचा आहे!

पूर्वी नानकटाई करायची म्हणजे मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जावे लागे आणि भाजलेली नानकटाई डब्यात भरून घरी आणावी लागे. पण घरी भट्टी नसली तरी जाड बुडाचे पातेले, घट्ट झाकण आणि किलोभर वाळू एवढ्यावर काम भागते.

गेल्या हिवाळ्यात मी हा घाट घातला, तेव्हा सातवीतल्या माझ्या मुलीने विचारले, "बाबा, वाळू कशाला?"

"उष्णता चांगली पोचवते म्हणून," मी सांगून टाकले.

"मग उन्हाळ्यात नदीत वाळूवर पाय भाजतात, पण थोडे उकरले की खालची वाळू गार कशी लागते?"

मी निरुत्तर झालो. तिचेच बरोबर होते. कोरडी वाळू ही उष्णतेची मंदवाहक आहे. मग ती घालायची कशासाठी? आधी पीठ मळू, मग उत्तर शोधू.

साहित्य : मैदा 100 ग्रॅम, बेसन 25 ग्रॅम, पिठीसाखर 60 ग्रॅम, थिजलेले तूप 75 ग्रॅम, खाण्याचा सोडा अर्धा ग्रॅम (लहान चिमूटभर), वेलदोड्याची पूड आणि वर लावायला तीळ.

तूप व साखर एकत्र करून हाताने खूप फेसा. तूप पांढरे व हलके होते, कारण त्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात. इथे थंडी आपल्याला मदत करते. पातळ तुपात हे बुडबुडे टिकत नाहीत आणि नानकटाई पसरट होते. आता मैदा, बेसन, सोडा व पूड एकत्र चाळून त्यात मिसळा. बारा-तेरा गोळे करा, किंचित दाबा व तीळ लावा.

पातेल्यात कोरडी वाळू पसरा, तीत छोटी तिवई ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर पंधरा मिनिटे तापवा. मग गोळे लावलेली ताटली तिवईवर ठेवा आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजा.

आत काय घडते? सोडा तापला की त्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. अर्ध्या ग्रॅम सोड्यापासून 100 अंश सेल्सिअसला सुमारे 90 घनसेंटिमीटर वायू मिळतो. तो तुपातल्या बुडबुड्यांत शिरतो, बुडबुडे फुगतात आणि नानकटाईला भेगा पडतात. सोडा जास्त घातला तर मागे उरणाऱ्या धुण्याच्या सोड्यामुळे साबणासारखी चव येते. पृष्ठभागावरचे पाणी उडून गेल्यावरच तापमान 100 अंशांच्या वर चढते आणि तांबूस रंग धरतो. रंग व खमंग वास देणाऱ्या या क्रियेचे वर्णन मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 साली केले.

आता वाळूकडे वळू. पातेल्यात 5 लिटर हवा आहे असे धरा. तिचे वस्तुमान सुमारे 6 ग्रॅम आणि विशिष्ट उष्णता 0.24. ती 20 अंशांपासून 180 अंशांपर्यंत तापवायला 6 × 0.24 × 160, म्हणजे सुमारे 230 कॅलरी पुरतात. वाळूची विशिष्ट उष्णता सुमारे 0.2. एक किलो वाळू तेवढीच तापवायला 1000 × 0.2 × 160 = 32,000 कॅलरी लागतात. म्हणजे वाळूत हवेच्या सुमारे 140 पट उष्णता साठते! झाकण उघडले की गरम हवा निघून जाते. वाळू नव्या हवेला लगेच तापवते. शिवाय ती मंदवाहक असल्यामुळे ज्योतीचा थेट चटका वर पोचू देत नाही.

वाळू नाही, तर काय होते? आम्ही तेही करून पाहिले. ताटली तीच, आच तीच, फक्त वाळू काढली. नानकटाई खालून काळी पडली आणि वरून फिकी राहिली. वाळूवरची मात्र सगळीकडून सारखी भाजली गेली. एका वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणूनच हे उत्तर खात्रीचे ठरले.

सावधगिरी : घरातले मोठे माणूस जवळ असल्याशिवाय हा प्रयोग करू नका. पातेल्याऐवजी कुकर वापरलात तर रबरी कडे व शिट्टी आधी काढून ठेवा. गरम वाळूवर पाणी टाकू नका. गॅस बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली असते. का, ते वरच्या गणितावरून तुम्हीच सांगाल.

आता तुमची पाळी. वाळूऐवजी मीठ घेतले तर? तूप पातळ करून घातले तर नानकटाईचा व्यास किती वाढेल? आधी अंदाज वहीत लिहा, मग पट्टीने मोजा. अंदाज चुकला तरी वाईट वाटून घेऊ नका. माझाही चुकला होता, आणि त्यातूनच हा लेख निघाला.