विमानतळावरची लांब बैठक आणि पोटरीतला गोळा

आमच्या माढ्यासारख्या गावात विमानप्रवासावर लिहायचे म्हणजे काही वाचकांना गंमत वाटेल. पण दवाखान्यातला माझा अनुभव वेगळा आहे. पूर्वी महिन्यातून एखादा रुग्ण सांगायचा, “मुलगा पुण्याला असतो.” आता आठवड्यातून एक तरी आई-वडिलांची जोडी येते आणि म्हणते, “डॉक्टरसाहेब, पोराकडं अमेरिकेला चाललोय. सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या.” मी रक्तदाब पाहतो, साखर तपासायला सांगतो आणि गोळ्या लिहून देतो. एवढे केले की काम झाले, असे मलाही वाटत असे. ते तसे नाही, हे मला एका गुरुजींनी शिकवले.

गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६८. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, पण औषधे वेळेवर घेणारे. मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. गुरुजी आणि बाई तिकडे चार महिने राहून परत आले. आल्यानंतर चौथ्या दिवशी गुरुजी लंगडत दवाखान्यात आले. म्हणाले, “डाव्या पोटरीत गोळा आलाय. दोन दिवस तेल लावून चोळतोय, पण उतार नाही.” मी पाय पाहिला. डावी पोटरी उजवीपेक्षा दोन बोटे जाड, गरम, दाबल्यावर दुखरी. त्याच दिवशी त्यांना सोलापूरला पाठवून पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर सोनोग्राफी करून घेतली. आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली.

नंतर मी त्यांना प्रवासाचा हिशेब विचारला. अमेरिकेतून आखातापर्यंत १३ तास विमान. तिथे दुसऱ्या विमानासाठी ९ तास थांबणे. मग मुंबईपर्यंत ३ तास, आणि पुढे जीपने माढ्यापर्यंत ८ तास. एकूण ३३ तास. या ३३ तासांत किती चाललात, असे विचारल्यावर गुरुजी म्हणाले, “चालायचं कुठं? भाषा कळत नाही, फाटक हुकलं तर काय करायचं? सामानावर लक्ष ठेवून एका खुर्चीत बसून राहिलो. संडास लांब, म्हणून पाणीसुद्धा घेतलं नाही.”

हा माणूस चाळीस वर्षे पायी वारी करणारा. एका दिवसात पंधरा मैल चालणारे पाय विमानतळावर ९ तास हलले नाहीत. जाण्यापूर्वी ते माझ्याकडे आले होते तेव्हा मी गोळ्या लिहून दिल्या, पण बसण्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. चूक त्यांच्याइतकीच माझीही होती. म्हणून या आठवड्याचे सदर या विषयासाठी.

गुठळी का होते?

हृदय रक्त पायाकडे ढकलते, पण पायातले रक्त वर चढवण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. आपण पाऊल टाकले की पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्यामुळे ते परत खाली येत नाही. विहिरीवरचा हातपंप आठवा. दांडा हलवला तरच पाणी वर येते. तासन्‌तास गुडघे वाकवून बसले की हा पंप बंद पडतो, रक्त साचते, आणि त्यात पाणी कमी प्यायलेले असले की गुठळी होण्यास वाव मिळतो.

हे फक्त विमानातच होते असे समजू नये. १९४० साली लंडनवर बॉम्बहल्ले चालू असताना लोक रात्ररात्र आश्रयस्थानांत आरामखुर्च्यांवर बसून काढीत. त्यांच्यापैकी काहीजण फुप्फुसात गुठळी जाऊन दगावल्याचे तेथील एका डॉक्टरांनी त्याच वर्षी नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की ४ तासांहून अधिक बसून प्रवास केला, मग तो विमानाचा असो, रेल्वेचा, बसचा वा मोटारीचा, तर हा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरण्याचे मात्र कारण नाही. निरोगी माणसात हे प्रमाण सुमारे ६,००० प्रवाशांमागे एक इतकेच आहे.

धोका वाढतो तो वय जास्त असलेल्यांना, लठ्ठ व्यक्तींना, गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना, कर्करोगाच्या रुग्णांना, पूर्वी गुठळी झालेल्यांना आणि नुकतीच शस्त्रक्रिया, विशेषतः गुडघ्याची किंवा खुब्याची, झालेल्यांना. अशांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे. काहींना घट्ट मोजे लागतात, काहींना औषध लागते. “रक्त पातळ होतं म्हणे” असे ऐकून आपल्या मनाने अॅस्पिरिन घेऊ नये.

थांबण्याचा वेळ कसा घालवावा?

१) पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे आपले फाटक शोधणे. ते एकदा डोळ्यांनी पाहिले की निम्मी भीती जाते. मग घड्याळ लावून दर तासाला किमान १० मिनिटे चालावे. फाटकाचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून प्रत्येक फेरीत फलक पाहावा. जोडीने असाल तर एकाने सामानाजवळ बसावे, दुसऱ्याने चालावे, मग पाळी बदलावी.

२) बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर करावेत, मग चवडे टेकवून टाचा वर कराव्यात. अर्ध्या तासाला वीस-वीस वेळा. पायावर पाय टाकून बसू नये. पायांखाली पिशव्या कोंबू नयेत.

३) पाणी थोडे थोडे घेत राहावे. तपासणीतून भरलेली बाटली नेता येत नाही. रिकामी न्यावी आणि आत गेल्यावर भरून घ्यावी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितले असेल, तर तोच हिशेब पाळावा.

४) लघवी दाबून ठेवू नये. प्रोस्टेटची तक्रार असलेल्या पुरुषांनी प्रवासात सर्दीच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. त्यातल्या काही औषधांनी लघवी पूर्ण अडते आणि परक्या गावी नळी घालण्याची वेळ येते.

५) झोपेची गोळी आणि मद्य दोन्ही टाळावे. गुंगीतला माणूस कूससुद्धा बदलत नाही.

६) ज्यांना लांब चालवत नाही, दम लागतो, गुडघे दुखतात, त्यांनी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी, निदान दोन दिवस आधी. त्यात कमीपणा मानू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ८० वर्षांचे एक प्रवासी परदेशातून उतरले. खुर्च्या कमी होत्या. एक खुर्ची पत्नीला मिळाली, हे तिच्यासोबत चालत निघाले, तपासणीपर्यंत जाऊन कोसळले आणि मरण पावले. पुढे विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड झाला, पण गेलेला माणूस काही परत आला नाही. तेव्हा दोघांसाठी दोन खुर्च्या मागाव्यात, आणि एकच आली तर दुसरी येईपर्यंत शांतपणे थांबावे. खुर्ची मिळाली तरी टाचा-चवड्यांचा व्यायाम चालूच ठेवावा.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. १५ तारखेला रात्री साडेबाराचे विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्री निघायचे असते. ही गफलत मी दोन घरांत पाहिली आहे. तसेच कुर्डुवाडीहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी मुंबईत उतरायचे आणि विमान पुढच्या पहाटेचे, असे असेल तर दिवसभर बाकावर बसण्यापेक्षा नातेवाइकाकडे किंवा विश्रांतिगृहात आडवे व्हावे.

मधुमेह असणाऱ्यांसाठी

इन्शुलिन व रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, मोठ्या सामानात कधीही नाही. ते सामान हरवू शकते आणि विमानाच्या पोटात इन्शुलिन गोठून निकामी होऊ शकते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी, तीत औषधाचे मूळ नाव असावे. आखातातून जाणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या काही वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांवर तिकडे निर्बंध आहेत. खसखससुद्धा संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. तेव्हा नातवासाठी नेलेले अनारसे त्या वाटेने जाऊ देऊ नका.

न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. म्हणजे जाताना दिवस लांबतो आणि येताना आखडतो. इन्शुलिनच्या वेळा त्याप्रमाणे आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात. ढोबळ नियम असा: ताट समोर आल्याशिवाय जेवणाचे इन्शुलिन टोचू नये. चुकलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करू नये. खिशात खडीसाखर आणि बिस्किटे असावीत. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की ती लगेच तोंडात टाकावीत.

शहरात गेल्यावर: मोटार नाही म्हणून घरात बसू नका

गुरुजींची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. चार महिन्यांत ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. मुलगा आणि सून कामावर, मोटार चालवता येत नाही, म्हणून दोघे टीव्हीसमोर. वजन ४ किलो वाढले, साखर वाढली, बाईंची झोप गेली. बाई म्हणाल्या, “सोन्याचा पिंजराच हो तो.” हीच तक्रार पुण्यात मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी राहून आलेले आई-वडीलही करतात.

यावर औषध एकच, ते म्हणजे मोटारीविना फिरायला शिकणे. पहिल्या आठवड्यात मुलाला एक सुट्टी मागावी आणि त्याच्याबरोबर एकच मार्ग दोनदा जाऊन-येऊन पाठ करावा. एडिसनच्या बाजूला राहणाऱ्यांना रेल्वेने न्यूयॉर्कला जाता येते आणि न्यू जर्सीच्या रेल्वे व बसमध्ये ६२ वर्षांपुढे तिकिटात सवलत आहे. पुणे स्टेशनवर उतरले की मेट्रो जवळच आहे. जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून स्वारगेटला किंवा पिंपरीला जाता येते. मुंबईची भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. त्यामुळे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलेल्या हलक्या सामानाच्या प्रवाशाला विमानतळापर्यंत त्याच मार्गाने जाता येते. जड बॅगा असतील तर मात्र टॅक्सीच बरी. कमरेचा विचार आधी, पैशाचा नंतर.

फिरताना जिन्याचा कठडा धरावा, सरकत्या जिन्यावर घाई करू नये, चपलेऐवजी मागून बंद असलेले बूट घालावेत. अमेरिकेत आणि आखातात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणजे पदपथावरून उतरताना जवळचे वाहन डावीकडून येते. आपली मान सवयीने उजवीकडे वळते आणि तिथेच घात होतो. दोन्हीकडे दोनदा पाहावे आणि चौकातच ओलांडावे. खिशात मुलाचे नाव, पत्ता, दूरध्वनी आणि आपल्या आजारांची व औषधांची चिठ्ठी ठेवावी.

स्थानकापर्यंत जाणे-येणे झाले की अर्धा तास चालणे आपोआप होते. आठवड्यातून पाच दिवस एवढे चालणे साखर, रक्तदाब आणि मन या तिघांनाही मानवते.

ही लक्षणे दिसताच थांबू नका

प्रवासानंतर दोन्ही पाऊले थोडी सुजली आणि एक-दोन दिवसांत उतरली, तर काळजी नाही. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तेल लावून चोळू नये, शेकू नये. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक दम लागला, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले, भोवळ आली, तर थेट मोठ्या रुग्णालयात जावे. ही लक्षणे प्रवासानंतर काही आठवड्यांनीही येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांना “मी लांबून प्रवास करून आलोय” हे न विचारता सांगावे.

गुरुजींचे दैव चांगले. गुठळी पायातच राहिली. तीन महिने रक्त पातळ करणारी गोळी घेतली, वेळच्या वेळी तपासण्या केल्या, आणि ते बरे झाले. गेल्या वर्षी नातीच्या वाढदिवसाला ते पुन्हा जाऊन आले. जाण्यापूर्वी माझ्याकडे आले तेव्हा या वेळी मी गोळ्यांबरोबर एक कागदही लिहून दिला, आणि घट्ट मोजेही घ्यायला लावले.

परत आल्यावर त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला. आखातातल्या थांब्यात मारलेल्या प्रत्येक फेरीची वेळ त्यांनी मागे पेन्सिलीने टिपली होती. शिक्षकच ते. आठ फेऱ्या होत्या. मी विचारले, “कंटाळा नाही आला, गुरुजी?” तर म्हणाले, “कसला कंटाळा? तोंडानं हरिपाठ चालू होता. तिसऱ्या फेरीला एक केरळी म्हातारा सोबत आला. बोलणं कळंना, पण चाल जमली.”

आपल्या घरातून कोणी लांबच्या प्रवासाला निघणार असेल, तर लाडवांच्या डब्याबरोबर हे कात्रणही पिशवीत टाकावे.