शेवटची किक आणि निंदेचे ओझे




ऑगस्टच्या अखेरीस कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि अमेरिकेतल्या आपल्या घरांतही शनिवारचे वेळापत्रक बदलते. मुलगा किंवा मुलगी ज्या विद्यापीठात शिकते, त्या विद्यापीठाचा टी-शर्ट घालून आपणही टीव्हीसमोर बसतो. नियम अर्धेमुर्धे कळतात. पण एक प्रसंग मात्र कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. सामना संपायला दोन-तीन सेकंद उरलेले असतात. आपला संघ एक-दोन गुणांनी मागे असतो. तीन तास बाजूला उभा असलेला, इतरांपेक्षा अंगाने लहान दिसणारा एक मुलगा मैदानात येतो. त्याने मारलेला चेंडू दोन खांबांच्या मधून गेला तर जय, नाही तर पराजय.

या पाठात आपण त्या मुलाचा, म्हणजे किकरचा, विचार करणार आहोत. निंदा कशी तयार होते, ती कोणाच्या डोक्यावर पडते आणि आपण नकळत तिच्यात कसे सामील होतो, हे इथे अगदी स्पष्ट दिसते.

किक म्हणजे नेमके काय?

फील्ड गोलचे तीन गुण मिळतात. खांबांमधले अंतर १८ फूट ६ इंच असते आणि आडवा दांडा जमिनीपासून १० फुटांवर असतो. चेंडू ज्या रेषेवर आहे तिथून गोलरेषेपर्यंतचे अंतर, त्यात एंड झोनचे १० यार्ड आणि चेंडू मागे टेकवण्यासाठी लागणारे साधारण ७ यार्ड मिळवले की किकची लांबी कळते. म्हणजे चेंडू २० यार्डांच्या रेषेवर असेल तर किक सुमारे ३७ यार्डांची.

पण ही किक एकट्याची नसते. लाँग स्नॅपर पायांमधून चेंडू मागे फेकतो. होल्डर तो झेलतो, जमिनीवर उभा टेकवतो आणि शिवण किकरच्या पायाकडे येणार नाही अशी फिरवतो. पुढची रांग धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना थोपवते. मग पाय चेंडूला लागतो. हे सगळे जेमतेम सव्वा ते दीड सेकंदात घडते. स्नॅप वीतभर वर गेला, चेंडू किंचित कलला किंवा रांगेतला एक जण अर्धे पाऊल मागे रेटला गेला, तर किकरच्या हाती फारसे काही उरत नाही. टीव्हीच्या पडद्यावर मात्र शेवटी एकाचाच चेहरा दिसतो.

कॉलेजमध्ये आणखी एक अडचण आहे. चेंडू मैदानाच्या कडेला गेला, तर पुढचा डाव हॅश मार्क नावाच्या खुणेवरून सुरू होतो. कॉलेजच्या मैदानावर या दोन खुणांमध्ये ४० फुटांचे अंतर आहे, तर व्यावसायिक एनएफएलमध्ये ते केवळ १८ फूट ६ इंच. म्हणजे अनुभवी, पगारी किकर बहुतेक वेळा समोरून मारतो आणि विद्यार्थी असलेल्या किकरला कित्येकदा तिरका कोन साधावा लागतो.

तीन सामने

पहिला सामना १६ नोव्हेंबर १९९१ चा. टॅलाहासी येथे पहिल्या क्रमांकाचा फ्लोरिडा स्टेट आणि दुसऱ्या क्रमांकाचा मायामी समोरासमोर होते. मायामी १७-१६ असा पुढे होता. गेरी थॉमस या किकरची ३४ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली. ‘वाइड राइट’ हे दोन शब्द तेव्हापासून त्या सामन्याचे नावच झाले. आता ही गोष्ट पाहा: १९९० पर्यंत कॉलेजच्या गोलपोस्टची रुंदी २३ फूट ४ इंच होती. १९९१ च्या हंगामापासून ती १८ फूट ६ इंच केली गेली. प्रत्येक बाजूने जवळजवळ अडीच फूट कमी झाले. आदल्या वर्षीच्या खांबांमधून तीच किक आत गेली असती, असे अनेकांनी म्हटले. मुलगा तोच, पाय तोच. बदलला होता तो नियम. पण नियमावलीला कोणी नावे ठेवत नाही.

दुसरा सामना २६ नोव्हेंबर २०१० चा, नेवाडा विरुद्ध बॉइसी स्टेट. बॉइसी १० सामने जिंकून अपराजित होता आणि मध्यंतराला २४-७ असा पुढे होता. दुसऱ्या अर्धात नेवाडाने सतरा गुणांची पिछाडी भरून काढली. शेवटच्या क्षणी ३१-३१ अशी बरोबरी असताना काइल ब्रॉट्झमनची २६ यार्डांची किक हुकली. ओव्हरटाइममध्ये २९ यार्डांचीही हुकली आणि बॉइसी ३४-३१ असा हरला. त्यानंतर त्या विद्यार्थ्याला शिवीगाळ आणि धमक्या सोसाव्या लागल्या. चार वर्षांत त्याने संघासाठी चारशेहून अधिक गुण मिळवले होते. दोन किकनी ते सगळे झाकून टाकले. आणि सतरा गुणांची आघाडी घालवणारे कोण? त्यांची नावे कोणालाच आठवत नाहीत, कारण ते अनेक होते.

तिसरा सामना ३० नोव्हेंबर २०१३ चा, अलाबामा विरुद्ध ऑबर्न. अलाबामाच्या केड फॉस्टरच्या तीन किक वाया गेल्या. त्यांतली एक प्रतिस्पर्ध्यांनी हाताने अडवली. एका वेळी त्याने चेंडू खांबांमधून घातलाही होता, पण सहकाऱ्याच्या नियमभंगामुळे ते गुण रद्द झाले आणि मागे सरकून मारलेली पुढची किक हुकली. एक सेकंद उरला असताना प्रशिक्षकांनी ५७ यार्डांची किक मारायला दुसऱ्याच मुलाला, अ‍ॅडम ग्रिफिथला, पाठवले. ती कमी पडली. ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने चेंडू झेलला आणि साऱ्या मैदानाची लांबी धावून टचडाउन केला. अलाबामा ३४-२८ असा हरला. शेवटची किक फॉस्टरची नव्हती, डेव्हिसला अडवणे हेही त्याचे काम नव्हते. तरी समाजमाध्यमांवर जिवे मारण्याच्या धमक्या त्यालाच आल्या. माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला हाताने लिहिलेले धीराचे पत्र पाठवले. फॉस्टरच्या जर्सीचा क्रमांक ४३ होता आणि बुश हे अमेरिकेचे ४३ वे राष्ट्राध्यक्ष. टीका म्हणजे काय, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

निंदा किकरवरच का पडते?

पहिले कारण, त्याचे काम उघड आणि दोनच उत्तरांचे आहे: आत किंवा बाहेर. रांगेतल्या खेळाडूने कुठे चूक केली, हे प्रशिक्षकालाही चित्रफीत पुन्हा पाहून कळते. किकरची चूक पहिल्यांदाच सामना पाहणाऱ्या आजीलाही दिसते. दुसरे कारण, तो शेवटी येतो. शेवटची घटना हीच सगळ्याचे कारण, असे मन धरून चालते. तिसरे, तो एकटा उभा असतो. एकट्या माणसाकडे बोट दाखवायला मनाला श्रम पडत नाहीत.

यात दोन गोष्टींची भर पडली आहे. मोबाइलमुळे पूर्वी घरातल्या सोफ्यावर विरून जाणारा संताप आता थेट त्या मुलाच्या खिशात पोहोचतो. आणि मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडासट्ट्यावरील केंद्रीय बंदी रद्द केल्यापासून एकेका राज्यात सट्टा कायदेशीर होत गेला. आज हुकलेल्या किकमागे कोणाचा तरी पैसाही बुडालेला असतो. हा किकर म्हणजे सोमवारी सकाळी वर्गात बसणारा विद्यार्थी. कित्येक किकर तर शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःहून चाचणी देऊन संघात आलेले असतात.

आपल्याकडच्या वाचकांना हे नवे नाही. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजात जावेद मियाँदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला आणि तो चेंडू टाकणाऱ्या चेतन शर्माला पुढे कित्येक वर्षे तेच ऐकावे लागले. त्याच चेतन शर्माने १९८७ मध्ये आपल्या नागपुरात विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक घेतली. पण चार माणसांत विचारून पाहा, आधी काय आठवते.

कारणांची साखळी पाहणे

प्रतीत्यसमुत्पाद आपण अभ्यासवर्गात शिकतो: कोणतीही घटना एकाच कारणाने होत नाही, अनेक कारणे एकत्र येतात तेव्हा ती घडते. वरचे तिन्ही सामने याच नजरेने पुन्हा वाचा. बदललेले खांब, गमावलेली आघाडी, सहकाऱ्याचा नियमभंग, प्रशिक्षकाचा निर्णय, मैदानाचा कोन. किक ही साखळीतली शेवटची कडी आहे, अख्खी साखळी नाही.

आपल्यापैकी बरेच जण आयटीत आहेत, म्हणून एक ओळखीचे उदाहरण देतो. रात्री रिलीज होते, सिस्टिम बंद पडते आणि ज्याने शेवटचे बटण दाबले त्याचे नाव सकाळच्या कॉलवर घेतले जाते. चाचणी अपुरी होती, मुदत अवास्तव होती, इशारा देणारी यंत्रणाच बसवलेली नव्हती, हे सगळे मागे राहते. शहाण्या टीम म्हणूनच ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ घेतात. तिथे पहिला प्रश्न ‘कोणी केले?’ हा नसतो, ‘कसे घडू शकले?’ हा असतो. हा निव्वळ दयाळूपणा नाही. दोष एकावर टाकला की बाकीची कारणे तशीच राहतात आणि पुढच्या महिन्यात तीच घटना पुन्हा घडते.

याचा अर्थ किकरची काहीच जबाबदारी नाही, असा मुळीच नाही. हुकलेली किक हुकलेलीच असते. प्रशिक्षक दुसऱ्याला संधी देऊ शकतो आणि किकरने सरावात दोष शोधायलाच हवा. जबाबदारी म्हणजे आपल्या वाट्याचे काम नीट पाहणे. निंदा म्हणजे सगळ्यांच्या वाट्याचे एकाच्या डोक्यावर टाकणे. या दोहोंतला फरक ओळखणे हाच या पाठाचा गाभा आहे.

ज्याच्यावर निंदा पडते त्याने काय करावे?

भगवान बुद्धांनी आठ लोकधर्म सांगितले आहेत: लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख. जगात राहणाऱ्या कोणालाही ते चुकत नाहीत. किकरच्या आयुष्यात हे आठही एकाच दुपारी येऊन जातात. इथे एक गोष्ट सहज निसटते. निंदेइतकीच प्रशंसाही हलवून टाकते. मागच्या शनिवारी खांद्यावर घेणाऱ्या गर्दीच्या आधारावर जो उभा असतो, तो या शनिवारी त्याच गर्दीमुळे पडतो.

स्टॅनफर्डच्या जॉर्डन विल्यमसनचे उदाहरण पाहा. २ जानेवारी २०१२ च्या फिएस्टा बोलमध्ये त्याच्या तीन किक हुकल्या. त्यांतली एक नियमित वेळेच्या अखेरची होती. संघ ओव्हरटाइममध्ये ४१-३८ असा हरला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला अपराजित ओरेगनविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, ओव्हरटाइममध्ये त्याने ३७ यार्डांची किक आत घातली आणि स्टॅनफर्ड १७-१४ असा जिंकला. जानेवारीतला मुलगा वाईट आणि नोव्हेंबरातला चांगला, असे कोणी म्हणेल का? तो एकच होता. मधले दहा महिने तो पुन्हा पुन्हा चेंडूसमोर उभा राहिला. पुढची किक मागच्या किकचे ओझे न घेता मारणे, हाच त्याचा सराव.

बोलण्याआधी पाच प्रश्न

सम्यक वाणीच्या शिकवणीत चांगल्या बोलण्याच्या पाच कसोट्या आहेत: ते योग्य वेळी आहे का, खरे आहे का, मृदू आहे का, हिताचे आहे का, मैत्रीच्या भावनेने आहे का? सामना हरल्यानंतरच्या दहाव्या मिनिटाला लिहिलेला संदेश या कसोट्यांवर लावून पाहा. ‘याच्यामुळे हरलो’ हे वाक्य बहुधा पहिल्या कसोटीतच अडकते, आणि साखळी पाहिली तर दुसऱ्या कसोटीलाही उतरत नाही.

गर्दी नेहमी क्रूरच असते असे नाही. २७ जानेवारी १९९१ रोजी एनएफएलच्या सुपर बोलमध्ये बफेलो बिल्सच्या स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि संघ २०-१९ असा हरला. दुसऱ्या दिवशी बफेलो शहरात हजारो लोक जमले. त्यांनी नॉरवुडच्या नावाचा पुकारा करून त्याला पुढे बोलावले आणि त्याला रडू आवरले नाही. किक बदलली नाही, निकाल बदलला नाही. त्या हजारो लोकांनी फक्त त्याला एकटे उभे राहू दिले नाही. करुणा प्रत्यक्षात अशी दिसते.

आपल्या मुलांना आपण काय शिकवतो, तेही इथेच ठरते. सोफ्यावर बसून एकोणीस वर्षांच्या परक्या मुलाला आपण जे बोलतो, ते शेजारी बसलेला आपला अकरा वर्षांचा मुलगा ऐकत असतो. उद्या त्याच्या हातून काही हुकले, तर घरात काय ऐकू येईल याचा अंदाज तो आजच बांधतो.

कुटुंबात चर्चेसाठी

१. गेल्या महिन्यात आपण कोणाला ‘तुझ्यामुळे झाले’ असे म्हटले? त्या घटनेची आणखी तीन कारणे लिहून काढा.
२. भीम जयंतीसारखा कार्यक्रम फसला, तर आपल्या मंडळात आधी नाव विचारले जाते की कारण?
३. मागच्या वेळी मिळालेल्या प्रशंसेवर आपण किती विसंबून आहोत?
४. येत्या शनिवारी किक हुकली, तर पहिले वाक्य काय म्हणायचे, हे मुलांसोबत आधीच ठरवा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.